चालू हाय ना?

"गाडी चालू हाय ना? मग पंप कशाला काढलालाव?" वस्ताद एवढंच बोलले आणि परत डिझेलच्या ट्रेमध्ये कुणाच्या तरी ट्रॅक्टरचे नोझल धुवायला लागले. सोलापुरात हैदराबाद रोडला त्यांचं गॅरेज आहे, गॅरेज म्हणजे काय तर चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड, त्याखाली मी माझी गाडी लावून तासभर उभा होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील पण ऊन असं की बॉनेटवर हात ठेववत नव्हता. पोराने चहा आणला, ग्लासलाही डिझेलचा वास. मी म्हटलं, वस्ताद, चालू आहे म्हणूनच डिझेलचा पंप बदलायला आलो, बंद पडल्यावर तुम्ही घाटात थोडेच येणार आहात. त्यावर ते हसले पण काही बोलले नाहीत. आणि मी तसाच गाडी घेऊन परत आलो. एखाद्या शहाण्या माणसाने तिथेच विषय सोडला असता. मला मात्र ते वाक्य आठवडाभर चावत राहिलं, आणि खरं सांगायचं तर ते वस्तादांचं होतं म्हणून नाही, त्याच आठवड्यात दुसऱ्या एका माणसाने मला जवळजवळ हेच ऐकवलं होतं म्हणून. त्याच्याकडे येतो नंतर.

गाडीचं आधी सांगतो. टेम्पो ट्रॅव्हलर, 2004 ची, म्हणजे कंपनीचं नाव बजाज टेम्पोचं फोर्स मोटर्स व्हायच्या आदल्या वर्षीची. पुण्याच्या एका जोडप्याने तिचं रीतसर कॅम्पर करून घेतलं होतं, मागे दोघांना पुरेल असा दिवाण, त्याच्या खाली खण, एका बाजूला शेगडी आणि एवढंसं सिंक, छतावर पाण्याची टाकी. त्यांचे गुडघे गेले आणि माझी बँकेतली नोकरी संपली, साधारण एकाच वेळी, त्यामुळे गाडी माझ्याकडे आली. जुळे सोलापूरच्या आमच्या गल्लीत ती उभी राहिली तेव्हा पोरांनी तिला लगेच 'व्हॅनिटी' नाव ठेवलं आणि दोन दिवस आत हिरॉईन आहे का बघायला येत होती. आत ही कांदे चिरत बसलेली. वीस वर्षांपुढची गाडी आहे, पासिंग परत करून घेतलंय, पर्यावरण कर भरलाय, बसल्यावर आवाज असा की शेजारच्याशी भांडल्यासारखं बोलावं लागतं. पण एकही कॉम्प्युटर नाही तिच्यात. हीटरचा दिवा लागतो, विझतो, चावी फिरवायची, ती खोकते आणि सुरू होते. मला तिचं तेच आवडतं.

तर डिसेंबरात कोकणात जायचं ठरलं. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट उतरून खाली. हिला समुद्राच्या शेजारी गाडी लावून सकाळी दार उघडायचंय, एवढीच इच्छा आहे, ती पण तीन वर्षं जुनी. जाताना घाट उताराचा, त्याची काळजी ब्रेकला. येताना मात्र साखरप्यापासून आंब्यापर्यंत चढ, भरलेली गाडी, टाकीत पाणी, आणि एका बाजूला दरी. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मी मनातल्या मनात तो घाट चढत होतो (सोलापूरच्या माणसाला घाट चढायचा तर मनातच चढावा लागतो, आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा पूल) आणि तिसऱ्या वळणावर मला अचानक आठवलं की या गाडीचा फीड पंप ओरिजिनल आहे. मागच्या मालकांनी कौतुकाने सांगितलं होतं, "अजून हात लावावा लागला नाही बघा". त्यांनी कौतुक केलं होतं आणि मी अंधारात टक्क जागा.

फीड पंप म्हणजे काही मोठी वस्तू नाही. मेन पंपाच्या कुशीला बसलेला, मुठीएवढा, बिडाचा तुकडा. मेन पंप, म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा, हा राजा, त्याच्या आतले प्लंजर आणि बॅरल एकमेकांत दोन-चार मायक्रॉनच्या फटीने बसवलेले, तो उघडायचा तर पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवरच, आणि कॅलिब्रेशन धरून मला पंधराएक हजार सांगितले होते. पण राजाला टाकीतलं डिझेल आणून देतो तो हा भोई. आत एक छोटा दट्ट्या, एक स्प्रिंग, दोन झडपा, वर डिझेल ओढून घ्यायला हाताने मारायचा प्रायमर. इंजिन फिरलं की हा आपला ओढतोय, ढकलतोय, ओढतोय, ढकलतोय, एकवीस-बावीस वर्षं. सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडने जाताना इंजिनला डिझेल लागतंच किती, अर्धमेला पंपही तेवढं पुरवतो. चढावर पूर्ण ॲक्सिलेटर दाबलात की मग त्याचं वय कळतं. म्हणजे सोलापुरात राहणाऱ्या गाडीचा फीड पंप म्हातारा झालाय हे सोलापुरात कळायची सोयच नाही. हे लक्षात आल्यावर तर झोपेचा प्रश्नच मिटला.

बायको म्हणाली, तीन हजाराची वस्तू आहे ना, बदलून टाका आणि झोपा.

तिचं बरोबर होतं. आणि खरं तर आपल्या गावाचा स्वभावही तोच. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं तिथली माणसं आधीच तरतूद करणारीच असणार. उजनी भरलेली असो की नसो, आमच्या घरी जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, मोरीत पिंप, आणि वर दोन कळशा 'असू दे' म्हणून. पाणी यायच्या दिवशी लोक लग्नाचं आमंत्रण टाळतात. माझ्या एका मावसभावाने पाण्याची मोटर चांगली चालू असताना दुसरी आणून ठेवली, कारण काय तर पाणी आलं आणि मोटर जळाली तर पुढचे पाच दिवस काय. त्याला आम्ही हसलो नाही, उलट कुठून आणली आणि केवढ्याला, ते विचारलं. पण मग एक गोष्ट आहे बघा. त्याने नवी मोटर आणली, पण जुनी काढली नाही. नवी अजून खोक्यातच आहे. मला रात्री दोन वाजता हा फरक फार मोठा वाटायला लागला. आणून ठेवणं वेगळं आणि चालू वस्तू उपटून तिच्या जागी बसवणं वेगळं.

इथे वडील आठवणारच होते. वडील कापडाच्या मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जॉबर होते, माग नीट चालते ठेवणारे. भोंगा झाला की घरातनं बाहेर, आणि आले की कपाळावर, भुवयांवर कापसाची पांढरी लव, लहानपणी मला वाटायचं कामावर माणूस म्हातारा होतो आणि आंघोळ केली की परत तरुण. आमच्या घरात माडीच्या जिन्याखाली एक डालड्याचा डबा होता, त्यात काळं तेल आणि तेलात बुडालेले चामड्याचे जाड तुकडे. ते पिकर. मागाचा धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, या टोकाकडनं त्या टोकाकडे फेकतो तो पिकर, म्हशीच्या कातड्याचा असायचा. नवा पिकर आणला की लगेच लावायचा नाही, महिनोन्महिने तेलात मुरू द्यायचा, कोरडा लावला तर लवकर फाटतो. मिलमध्ये त्याची सोय होतीच पण वडील स्वतःचे चार-सहा घरी मुरवत ठेवायचे, लोणच्यासारखे. तो वास अजून आठवतो, जुन्या तेलाचा, चामड्याचा, आणि त्यात शेजारच्या कणगीतल्या ज्वारीचा. आई वैतागायची. ते म्हणायचे, डब्यात असला की माग फाडत नाही. म्हणजे काय हे मला तेव्हा कळायचं नाही, आताही अर्धंच कळतं.

ते चालू मागाला हात लावायचे नाहीत. माग म्हणजे बैल, म्हणायचे, चाललाय तोवर शेपूट पिरगाळू नये. नवा पिकर बसवला की दोन दिवस मागाचा ताल बिघडतो, धोटा नीट बसत नाही, सूत तुटतं, मग विणकराचं पीसरेट, म्हणजे मालावर मिळणारी मजुरी, बुडतं आणि तो जॉबरच्या नावाने शंख करतो. हे सगळं ते रंगवून सांगायचे. पण एक गोष्ट ते रंगवून सांगायचे नाहीत. एका रात्रपाळीला झिजलेला पिकर फाटला, धोटा वाकडा सुटला आणि मागातनं उडून पलीकडच्या मागावरच्या माणसाला लागला. डोळ्याच्या जरा खाली हाडावर लागला म्हणून डोळा वाचला. पिकर झिजलाय हे वडिलांनी त्या दिवशी संध्याकाळी बघितलं होतं. "उद्या बदलू" असं मनात म्हटलं होतं. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी नोकरीला लागल्यावर, सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर शेंगा खाताना, आणि सांगून झाल्यावर टरफलं गोळा करून खिशात ठेवत बसले. त्यानंतर ते महिन्याच्या महिन्याला पिकर बदलायला लागले, वरचे लोक माल फुकट घालवतो म्हणून ओरडायचे तरी. म्हणजे डबा घरात ठेवणारे वडील आणि चांगला पिकर काढून फेकणारे वडील, दोन्ही तेच. मी त्यांच्यातला कुठला घ्यायचा?

आता तो दुसरा माणूस. डॉक्टर. हिच्या पित्ताशयात खडे आहेत, दोन, हे ऑगस्टमध्ये भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसलं. पोटात कधी दुखलं नाही, काही नाही. मी फाईल घेऊन गेलो तर डॉक्टर म्हणाले, "त्रास होतोय का? नाही ना? मग असू द्या. खूप लोकांचे असेच राहतात, आयुष्यभर काही होत नाही. चांगलं चाललेलं पोट आपण का उघडायचं?" मी विचारलं, आणि प्रवासात दुखलं तर? ते म्हणाले, दुखलं तर जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा. इतकं साधं. ही बाहेर आल्यावर एकदम खूष, मोदी भागात एक काम आहे म्हणाली, रिक्षा केली, भाव करून टॉवेल घेतले. मी रिक्षात बसून आंबा घाटाच्या आसपास हॉस्पिटल कुठे आहे ते फोनवर बघत होतो.

हे मी तिला सांगितलेलं नाही. पण तिला कळलं असावं, कारण चौथ्या दिवशी पोळी लाटता लाटता म्हणाली, "माझे खडे काढता येत नाहीत म्हणून त्या पंपाच्या मागे लागलाय ना?" मी म्हटलं, काहीतरीच काय. ती म्हणाली, "बरं."

दरम्यान मी वाचत होतो. वयस्कर माणसाला फोन देऊ नये म्हणतात ते बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई दलाची, लिबरेटर विमानं होती, त्यांची ठरलेल्या तासांनी तपासणी व्हायची, सगळं उघडून, घट्ट करून, बदलून. वॅडिंग्टन म्हणून एक जीवशास्त्रज्ञ तिथे हिशेब बघायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की तपासणी होऊन विमान बाहेर पडलं की बिघाड कमी व्हायच्या ऐवजी एकदम वाढतायत, आणि मग हळूहळू कमी होतायत. म्हणजे वस्तादच. चालू आहे तर कशाला उघडलंत. पुढे 1978 मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी विमानांच्या भागांवर मोठा अहवाल लिहिला, त्यात वय झालं म्हणून झिजून जाणारे भाग निघाले फक्त 11 टक्के, बाकीच्यांच्या बिघाडाचा वयाशी तसा संबंध नव्हता, आणि बरेचसे तर नवे असतानाच जास्त दगा देणारे. हे वाचून मला दहा मिनिटं फार बरं वाटलं. मग वाटलं, दट्ट्या, स्प्रिंग आणि झडप, घासून घासून चालणारी वस्तू, ही त्या 11 टक्क्यांतलीच असणार ना. झालं. परत मूळपदावर.

शेवटी परत वस्तादांकडेच गेलो. या वेळी बदला म्हटलं नाही, बघा म्हटलं. त्याने माणूस खूष होतो. त्यांनी आधी डिपस्टिक ओढली, ऑईल बोटावर चोळलं, वास घेतला. "ऑईल वाढलं नाय, डिझेलचा वास नाय. सील बरं हाय." पंपाचं आतलं सील गेलं तर डिझेल हळूहळू ऑईलमध्ये उतरतं, त्यामुळे डिपस्टिकवर ऑईल आपोआप वाढलेलं दिसलं तर खूष व्हायचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग पंपाच्या आधीचा रबरी पाईप काढून त्यांनी तिथे वीतभर पारदर्शक नळी लावली, सलाईनच्या नळीसारखी पण जाड, आणि गाडी चालू करून दोघं नळीकडे बघत बसलो. पिवळसर डिझेल वाहत होतं. मग एक बुडबुडा. बराच वेळ काही नाही, मग परत एक, मोहरीएवढा.

"सुरू करायच्या आधी प्रायमर मारताव काय?"

मारतो, म्हटलं. मागच्या मालकांनीच शिकवलंय, सात-आठ दिवस उभी असली की पाच-सहा वेळा प्रायमर मारायचा, मग पहिल्या चावीला लागते.

"मग तुमाला कसं कळनार की बे," म्हणाले आणि लगेच जीभ चावली, मी काका माणूस ना. पण मला ते 'बे' फार आवडलं. टाकीकडनं येणारा रबरी पाईप कुठेतरी चिरला होता, जुना होऊन कडक पडलेला. ओढणाऱ्या बाजूचा पाईप असला की डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते, त्यामुळे खाली जमीन कोरडी आणि वर आपण निश्चिंत. गाडी उभी राहिली की डिझेल मागे टाकीत उतरायचं आणि मी दर वेळी प्रायमर मारून तो आजार झाकायचो. इतके दिवस मी पंपावर डोळे लावून बसलो होतो आणि चोर शेजारच्या घरात. पाईप, क्लिप, बँजो बोल्टचे (पाईप जोडायचे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, सगळे मिळून साडेचारशे रुपये. वस्ताद म्हणाले, आताचं डिझेल पण लई कोरडं आलंय. सगळे मेकॅनिक म्हणतात. बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 पासून डिझेलमध्ये गंधक दहा पीपीएम (दहा लाख भागांत दहा) राहिलंय, आधी पन्नास होतं, आणि गंधक काढताना डिझेलचा बुळबुळीतपणा जातो हे खरंय, पण रिफायनरीवाले तो परत आणायला ॲडिटिव्ह घालतात. हे मी वस्तादांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "घालत असतील." त्यांच्या 'असतील'पुढे माझं वाचन संपलं.

मग तुळजापूर. घाट म्हणावा असा आमच्या जवळ तोच, पंचेचाळीसेक किलोमीटरवर, देवीच्या पायथ्याशी. टाकी भरली, गादीवर हौसेने दोन ज्वारीची पोती टाकली वजनाला, ही पुढे बसली, परडी घेऊन, तिला वाटलं देवीला चाललोय आणि तेही खरंच होतं. घाटात तिसरा गिअर, ॲक्सिलेटर तळाला. गाडी घुरघुरत चढली. एकदाही दम तोडला नाही, आवाज तोच, धूरही बेताचा. वर पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून नुसता बसलो. ही म्हणाली, चला आता. मी म्हटलं, थांब जरा. बरं वाटत होतं आणि त्याच वेळी वाटत होतं की हा घाट एवढासा, तो घाट केवढा.

पंप मी घेतलाच. परवा, एक फीड पंप, गॅस्केट, जास्तीचे वॉशर. बदलायचा म्हणून नाही, दिवाणाखालच्या खणात ठेवायचा म्हणून, वडिलांच्या डब्यासारखा. पण खोक्यात ठेवलेल्या पंपाचा घाटात काय उपयोग जर मला तो बसवताच येत नसेल. म्हणून आज सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून बसलो, म्हटलं एकदा जुना काढू, नवा लावू, चालू करून बघू, आणि परत जुना लावून नवा खोक्यात. तालीम. दोन बँजो बोल्ट, नट, कोपरापर्यंत डिझेल, एक वॉशर गटारीकडे गडगडत गेला तो गल्लीतल्या पोरांनी शोधून दिला. नवा बसवायला पाऊण तास गेला, वस्ताद दहा मिनिटांत करतील. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून प्रायमर मारत राहिलो, आधी फेस, मग थुंकल्यासारखं डिझेल, मग सरळ धार, मग स्क्रू घट्ट. तिसऱ्या चावीला लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जुना पंप वर्तमानपत्रावर पडला होता, काळा, तेलकट, हातात घेऊन दट्ट्या दाबला तर स्प्रिंग इतकी ताठ की बोट परत ढकललं. काय वाईट होतं याच्यात? आणि नव्यात काय चांगलं आहे, वीस मिनिटं चाललाय फक्त. घाटात कुणाला न्यायचं इंजिनवर आणि कुणाला खणात, ज्याला एकवीस वर्षं ओळखतो त्याला की ज्याच्याकडे एकवीस वर्षं आहेत त्याला. मी पाना उचलला, बँजो बोल्टला लावला.

"अहो! पाणी आलं!"

आज यायचा दिवस नव्हता. तसाच उठलो, हौदाचं झाकण काढलं, मोटर लावली, हिने मोरीतलं पिंप ओढत आणलं. तिने माझे हात बघितले आणि पाईप माझ्या हातून काढून घेतला, "तुम्ही लांब व्हा, सगळ्या पाण्याला डिझेलचा वास लागेल." मग मी दारात उभा राहिलो. गाडी अजून चालूच होती, बंद करायची राहून गेली होती, नव्या पंपावर, संथ, आणि कागदावरच्या जुन्या पंपातनं थेंब थेंब डिझेल बाहेर येऊन कालची बातमी पारदर्शक होत चालली होती. "दुपारी लावता का काय तो परत?" ही पिंपावरनं ओरडली. मी म्हटलं, बघू, आधी पाणी भर.